आडवे शब्द तुमच्या आजोबांचे

तीन आठवड्यांपूर्वी रविवारी आपण व्हिडिओ फोनवर बोलत होतो, तेव्हा माझ्या मागच्या टेबलावर ठेवलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा तुला दिसला. तू म्हणालीस, आजी, वरचे कोडे जवळ आण. मी आणले. तू डोळे बारीक करून ते पाहिलेस आणि विचारलेस, "तू अर्धंच का सोडवतेस?" मी सांगितले की वेळ मिळत नाही. ते खोटे होते. या घरात वेळ सोडून दुसरे काही फारसे उरलेले नाही.

तेवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. पण तू म्हणालीस, रिकाम्या ओळींतले एक सूत्र वाचून दाखव. मी वाचले: शेताची राखण करायला बांधलेली उंच जागा, तीन अक्षरे. तू बोटांवर मोजलेस आणि मोठ्या उत्साहाने म्हणालीस, "टॉवर." मी म्हणाले, "चूक. मचाण." आणि वर असेही म्हणाले की आडवे शब्द तू सोडवायचे नाहीस, ते तुझे नाहीत. तू "बरं" म्हणालीस आणि फोन धाकट्या भावाच्या हातात दिलास. त्यानंतरच्या दोन्ही रविवारी तुला गृहपाठ होता. तुझी आई म्हणाली, मुलांचं असंच असतं, तू मनावर घेऊ नकोस. पण गृहपाठाची सबब कशी असते, हे मला चांगले ठाऊक आहे. एकतीस वर्षे मी बारामतीच्या शाळेत इंग्रजी शिकवले आणि तितकीच वर्षे ती सबब ऐकली.

म्हणून तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर लिहून पाठवते आहे. क्रमाने लिहिते, मला तसेच जमते. कुठे अडले तर आईकडून वाचून घ्या.

तुमचे आजोबा कालव्यावर नोकरीला होते. कोणत्या चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटाला, किती दिवस पाणी सोडायचे, कुणी रात्रीतून दार उचलले का, कुठे फुटले का, हे पाहत ते सायकलीवरून आणि पुढे स्कूटरवरून कालव्याच्या कडेने फिरत. लग्न होऊन मी निमगाव केतकीहून बारामतीला आले, तेव्हा आमच्या दोन खोल्यांत एकच वर्तमानपत्र येई आणि त्यात एकच शब्दकोडे असे. सकाळी ते घाईत असत, मी शाळेच्या घाईत असे. ज्याच्या हाती आधी पडेल तो कोडे भरून टाकी आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसत्या बातम्या राहत. यावरून आमचे पहिले भांडण झाले. दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी पान चार घड्या घालून खिशातून कालव्यावर नेले आणि संध्याकाळी परत आणले. त्यातले फक्त आडवे शब्द भरलेले होते.

मी विचारले, उभे का सोडलेत? ते म्हणाले, "मी पाटाचा माणूस. पाणी आडवं न्यायचं एवढंच मला येतं. उभं पावसाचं काम. ते तू बघ."

तेव्हापासून तो आमच्या घरचा नियम झाला. आडवे शब्द त्यांचे, उभे माझे. ते पेन्सिलीने लिहीत, कारण कालव्यावरच्या वहीत पेन्सिलीनेच लिहायची सवय होती, पाणी उडाले तरी अक्षर पसरत नाही म्हणून. मी शाईच्या पेनाने लिही. एकाने दुसऱ्याचे सूत्र वाचायचेसुद्धा नाही. माझा शब्द अडला तर त्यांच्या शब्दातले एखादे अक्षर येऊन मला सोडवी, त्यांचा अडला तर माझे. समोरासमोर बसून एक शब्दही न बोलता आम्ही एकमेकांना असे कितीतरी वेळा हात दिले आहेत.

तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण तेव्हा कोड्याचे वेड आम्हालाच नव्हते. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीपर्यंत कोडे कोरे राहिले, असे कधी झाले नाही. गणिताचे सर सगळ्यांत आधी पान पळवत आणि भूगोलाच्या बाई त्यांच्या खांद्यावरून उत्तरे सांगत. केस कापायच्या दुकानात आलेला पेपर सकाळी नऊलाच भरलेला असे, तोही चारपाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. एसटीत कोडे उघडून बसले की शेजारचा अनोळखी माणूस थोडा वेळ खिडकीबाहेर बघितल्यासारखे करी आणि मग हळूच विचारी, "सात आडवं काय आलं हो?" पुढच्या स्टॉपला तो उतरून जाई. त्याचे गाव कळत नसे, पण त्याला काय काय येत नाही ते मात्र कळलेले असे.

आम्ही दोघेही निवृत्त झालो आणि तुमची आई तिकडे परदेशात गेली, तेव्हा कोड्याला दिवसातली पक्की जागा मिळाली. सकाळी दहा वाजता, चहानंतर, खिडकीजवळच्या टेबलावर. दोन खुर्च्या, मध्ये पेपर. कोड्याचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येते. ते आले की मी आदल्या दिवसाचे पान काढी आणि त्यांचे आडवे शब्द तपाशी. शाळा सुटली तरी माझे लाल पेन सुटले नव्हते. बरोबर शब्दाला बरोबरची खूण, चुकलेल्याला गोल, आणि कोपऱ्यात गुण. पंधरापैकी चौदा. ते हात जोडून उभे राहत आणि म्हणत, "बाई, अर्धा मार्क तरी वाढवा. घरी मार बसंल." मी वाढवत नसे. मग त्यावर दिवसभर कुरकुर चाले, आणि जेवताना पोळी वाढली की म्हणत, "अर्धीच वाढा बाई, अर्ध्याचीच सवय हाय आम्हाला." ही आमची थट्टा होती. लाल पेन हा तिच्यातलाच एक भाग होता.

मग माझे उभे शब्द बसेनासे झाले.

त्यांच्या विसराळूपणाची पहिली खूण मला कोड्यात दिसली. किल्ली, चष्मा, गॅस हे सगळे नंतरचे. माझा शब्द मला पक्का माहीत असे, अक्षरे मोजून बरोबर येत, आणि तरी मध्येच त्यांचे एखादे अक्षर आडवे येई. त्यांचा शब्द घरांत अगदी नेमका मावलेला असे. फक्त तो उत्तर नसे. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग रोज. ते आंघोळीला गेले की मी खोडरबराने त्यांचा शब्द पुसून, त्यांच्यासारखे अक्षर काढून, त्यांच्याच पेन्सिलीने बरोबर शब्द लिही. दुसऱ्या दिवशी पंधरापैकी तेरा देई. त्यांनी काही विचारले नाही. अर्धा मार्कही मागितला नाही. तेव्हाच मला काही कळायला हवे होते.

तो दिवस मी कोड्यावर तारीख घालून ठेवलेला आहे, पण तारीख तुम्हाला सांगून काय करू? डॉक्टरांकडे जाऊन आल्याच्या पुढच्या आठवड्यातला. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले होते आणि डोक्याला काम देत राहा म्हणाले होते. मी रात्री नीट झोपले नव्हते. सकाळी आदल्या दिवशीचे पान समोर ओढले, शेजारी नवा पेपर ठेवला आणि हात सवयीने चालत गेला. आदल्या दिवशी माझ्याकडून पुसायचे राहिले होते. सूत्र होते, उसाचा रस उकळायची मोठी पसरट कढई, तीन अक्षरे. त्यांनी लिहिले होते, पातेले. मी त्याभोवती लाल गोल काढला. मग पुढच्याला. मग त्याच्या पुढच्याला. कोपऱ्यात लिहिले, पंधरापैकी पाच. आणि त्याखाली, वर्गात लिही तसे, एक प्रश्नचिन्ह.

मान वर केली तेव्हा ते माझ्याकडे नाही, पानाकडे बघत होते. त्यांच्या गावी, कोऱ्हाळ्याला, वडिलांचे गुऱ्हाळ होते. लहानपणी ते काहिलीच्या कडेला बसून अभ्यास करत, हाताला चटका बसल्याचा डाग शेवटपर्यंत होता. त्या डागावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "कोऱ्हाळ्याच्या माणसाला काहील आली न्हाय."

एवढेच. रागावले नाहीत. पेन्सिल सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दहाला मी दोन्ही खुर्च्या ओढल्या. ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी पान घेऊन ओट्यावर जाई, सोपे सूत्र निवडून मोठ्याने वाची. मला अडलंय, सांगा ना, असे म्हणे. ते शांतपणे म्हणत, "तू सोडव. तुझं बरोबर येतं." या वाक्याइतके मला आयुष्यात काही लागलेले नाही. त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर मी भांडले असते.

त्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत घरात आम्ही दोघे होतो आणि तरी मी एकटी होते. ते जेवत, फिरायला येत, कुणी आले तर नमस्कार करत. पण दहा वाजता टेबलापाशी मी एकटी बसे. त्यांचे विसरणे मी सोसले असते. डॉक्टरांनी सांगितले होते की ते थांबणार नाही, आणि थांबेल अशी आशाही मी केली नव्हती. मला एवढेच हवे होते की त्यांनी पुन्हा एकदा समोरच्या खुर्चीत बसावे आणि पेन्सिल हातात घ्यावी. ते माझ्यामुळे उठून गेले होते आणि त्यांना परत कसे बोलवायचे ते मला येत नव्हते.

दिवाळीनंतर त्यांचे थोरले भाऊ कोऱ्हाळ्याहून आले. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणायचो. चौथीनंतर शाळा सोडलेला माणूस. दोघे भाऊ ओट्यावर बसले आणि मी स्वयंपाकघरात चहा ठेवला. तुमचे आजोबा गुऱ्हाळाची गोष्ट सांगत होते. सगळी चुकलेली. जो बैल त्यांच्या वडिलांच्या लहानपणीच मेला होता, तो यांच्या गोष्टीत गाडी ओढत होता. जी विहीर तात्यांनी स्वतः खणली, ती त्यांच्या आजोबांनी खणली असे हे सांगत होते. मला आतून हाक मारून दुरुस्त करावेसे वाटत होते. तात्या मात्र म्हणत होते, "व्हय की. आन् त्यो बैल लई द्वाड हुता. तुला ढुशी मारली हुती." यावर दोघे असे हसले की मी हातातली गाळणी तशीच धरून उभी राहिले. ते हसणे मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

चहा देताना मी तात्यांना बाजूला घेऊन म्हणाले की बैलाचं तसं नव्हतं ना. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "अवो, त्येला म्हाईत न्हाय व्हय, आपण इसरतोय म्हणून? सगळं म्हाईत हाय. तुमी रोज रोज त्येची परीक्षा कशाला घेताय? त्येच्या संगं बसा की नुसतं."

मला राग आला होता. तात्यांना एसटीला पोचवून परत येईपर्यंत राग होता. घरी आल्यावर मी टेबलाचा खण उघडला, लाल पेने एकत्र केली, चार निघाली, आणि शेजारच्या शिक्षिकेला देऊन आले. तिला वाटले, मी आवराआवर करते आहे.

दुसऱ्या दिवशी दहाला मी पान घेऊन ओट्यावर गेले. या वेळी सूत्र वाचले नाही. त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्या उभ्या घरांत शाईने लिहिले, बारामती. सूत्र काही वेगळेच होते, बहुतेक एखाद्या फुलाचे. ते तिरक्या नजरेने बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "असं सूत्रात हाय?"

"नाही."

"मग?"

"चार घरं होती. बसलं."

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि पेन्सिल काढली. पाच महिने मी त्यांचे सदरे धुवायला टाकत होते. खिसे मी स्वतः तपासत असे आणि कधी काही सापडले नव्हते. म्हणजे रोज सकाळी ते जुन्या सदऱ्यातून पेन्सिल काढून नव्यात ठेवत होते. कोड्याला हात लावायचा नाही आणि पेन्सिल जवळून सोडायची नाही, असे पाच महिने.

माझ्या 'बा'पासून त्यांनी आडवे लिहिले, बाभूळ. अक्षर वाकडे आले पण घराबाहेर गेले नाही. मग पान माझ्याकडे सरकवले. त्यांच्या 'भू'खाली मी लिहिले, भूक. ते हसले आणि म्हणाले, "मग वाढा की बाई. आज पूर्ण वाढा."

त्या हिवाळ्यात आम्ही अशी सतरा कोडी भरली. टेबलाजवळच, दोन्ही खुर्च्यांत बसून. सूत्रे छापलेली असत तिथे मी पेपराची घडी घाली. आडवे त्यांचे, उभे माझे, हा नियम तोच. कधी ते दहा शब्द लिहीत, कधी एकच. एकदा जिथे जिथे दोन घरे दिसली तिथे तिथे त्यांनी 'चारी' लिहिले, सात ठिकाणी, आणि मी त्या सात चाऱ्यांना जुळतील असे उभे शब्द शोधत दुपारपर्यंत बसले. इतके अवघड कोडे मी कधी सोडवले नाही. भरून झाले की ते पान लांब धरून बघत, जसे कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचले की बघत असतील. दुसऱ्या दिवशी उत्तर यायचे. आम्ही ते बघत नव्हतो.

अठराव्या कोड्याच्या दिवशी त्यांनी पेन्सिल हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि माझ्या हातात दिली. त्यानंतरचे तुम्हाला आईने सांगितलेले आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही.

आता पेपर येतो, दहा वाजता मी टेबलापाशी बसते. उभे शब्द भरते, सूत्रे वाचून, नेमके. आडव्यांना हात लावत नाही. उभ्यांमुळे त्यातली काही अक्षरे आपोआप येतात आणि काही आडव्या ओळी तशाच कोऱ्या राहतात. बघणाऱ्याला ते अर्धवट वाटते. मागच्या महिन्यात इंदापूरला एका लग्नाला एसटीने जात होते. शेजारी एक कॉलेजातली मुलगी बसली होती. हल्ली गाडीत सगळ्यांच्या माना फोनमध्ये असतात, हिने मात्र माझ्या पानाकडे पाहिले आणि विचारले, "आजी, आडवे राहिलेत. सांगू का?" चांगली मुलगी होती. कितीतरी वर्षांनी एसटीत मला कुणी तसे विचारले होते. मी नको म्हणाले आणि पानाची घडी घातली. इंदापूर येईपर्यंत ती फोनमध्ये बघत होती आणि मी खिडकीतून ऊस बघत होते. लग्नात मला सगळे भेटले, सगळ्यांनी वाढले, विचारपूस केली. परतीच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती.

त्या मुलीला मी नाही म्हणाले, तेच तुलाही म्हणाले. पण तुझ्या बाबतीत त्याच्यावर लाल गोलही काढला. खण रिकामा करून पेन जात नाही, हे मला त्या रविवारी कळले. शेतात राखणीला उंच जागा बांधली आणि तिला तुझ्या गावी टॉवर म्हणत असतील, तर तीन घरांत ते बसते. तुझे आजोबा असते तर त्यांनी तुझ्या 'व'खाली काय येते ते मला शोधायला लावले असते.

सतरांपैकी एक पान या पाकिटात ठेवले आहे. सात चाऱ्यांचे. कागद पिवळा पडला आहे, घडीवर जपून उघडा. पेन्सिलीचे अक्षर त्यांचे आहे, शाईचे माझे. त्याच्या कडेला छापलेली सूत्रे मी कापून टाकलेली नाहीत, पण ती वाचू नका आणि उत्तर तपासू नका.

आणि एक. मचाणाचे ते कोडे मी गठ्ठ्यातून वेगळे काढून टेबलावर ठेवले आहे. समोरची खुर्ची जागेवर आहे. पेन्सिलीला काल टोक केले, ती आता माझ्या बोटाएवढी उरली आहे. हे पाकीट तुला कधी पोचेल माहीत नाही, पंधरा दिवस लागतात म्हणे. त्यानंतरच्या रविवारी गृहपाठ नसेल तर आधी तूच फोन धर. मी पान समोर धरीन. तू शब्द सांगायचा, मी त्यांच्या पेन्सिलीने लिहीन. घरात बसला की झाले.